डाव्या मांडीच्या पाच घड्या

पंजिगुड्डेच्या यक्षगान मेळ्यात राक्षस उभा करायला दोन माणसं लागत. एक शीनप्पा रै, जे राक्षस होत. दुसरा ऐतप्पा, जो त्यांना राक्षस करी. प्रेक्षकांना पहिलाच माणूस ठाऊक होता आणि ऐतप्पाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तो एवढंच म्हणे, "पोशाख उतरवल्यावर रै कसे दिसतात ते त्यांच्या बायकोला, कमलक्काला, आणि मला माहीत आहे. आम्ही दोघांनी तोंड उघडलं तर तालुक्यात त्यांना कुणी घाबरणार नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. रैंचा आवाज ढोलासारखा, छाती दाराएवढी, भुवया अशा की रंग लावायचीही गरज पडू नये. पण हे सगळं कमरेपर्यंत. तिथं पोचल्यावर देवाचं सामान बहुतेक संपलं असावं, कारण खाली नुसते बगळ्याचे पाय होते. ही उणीव ऐतप्पा रोज संध्याकाळी भरून काढी. जुन्या सुती लुगड्यांच्या त्यानं चपट्या घड्या करून ठेवल्या होत्या, पाच उजव्या मांडीला, पाच डाव्या. त्या लावायच्या, पट्टीनं आवळायच्या, वर तुमान, तिच्यावर धोतर, धोतरावर झालर. शेवटी दोन पावलं मागं सरकून, एक डोळा मिटून बघायचं. दोन्ही मांड्या देवळाच्या खांबांसारख्या सारख्या दिसल्या की तो "हं" म्हणे. ते "हं" ऐकल्याखेरीज रै रंगपटातून उठत नसत.

ऐतप्पाही आला होता नट व्हायलाच. सोळाव्या वर्षी त्याला द्वारपालाचं काम मिळालं होतं. आत जायचं, राजाला सांगायचं की बाहेर एक ब्राह्मण आला आहे, आणि उभं राहायचं. तो आत गेला, समोर बसलेली माणसं बघितली आणि त्याचं डोकं कोरं झालं. राजानं विचारलं, "कोण आलंय?" ऐतप्पा म्हणाला, "बघून येतो." तो बघायला गेला त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. रंगपटातून रंगमंचाकडं जाणारा पडदा त्यानं पुन्हा कधी ओलांडला नाही. बायको गेल्यावर आणि मुलगी मुडबिद्रीला दिल्यावर त्याचं घर म्हणजे मेळ्याची पेटी आणि माणसं म्हणजे पेटीतले पोशाख घालणारे. कुणाच्या कमरेला किती वळसे, कुणाचा कुठला खांदा उतरता, हे त्याच्या बोटांना पाठ होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात मेळा निघाला तेव्हा रैंना पाच-पाच घड्या लागल्या. डिसेंबरात डावी तुमान जरा ओढायला लागली, तशी त्यानं डावीकडची एक घडी काढली.

"रै, पायानं बाळसं धरलंय."

"धरणारच," रै आरशात भुवई रंगवत म्हणाले. "सगळ्या गिरक्या डाव्या पायावर घेतो मी. पंचवीस वर्षांनी का होईना, पायाला लाज वाटली."

संक्रांतीला आणखी एक घडी निघाली. फेब्रुवारीच्या मध्यावर डावीकडं दोनच उरल्या, उजवीकडं पाचच्या पाच. रै खूश होते. रंगपटात धोतर वर करून ते पोरगेल्या नटांना मांडी दाबून बघायला लावत. "हात लाव, घाबरू नकोस. याला म्हणतात कलावंताची मांडी."

"आणि उजवी, रैअण्णा?"

"ती निघाली आहे घरून. पोचेल."

ऐतप्पाही खूश होता. त्याचं काम दोन्ही बाजू सारख्या करायचं, आणि त्या तो करत होता. एक बाजू आपली आपण भरत चालली तर त्यानं दुसरीशी ती इतकी बेमालूम जुळवून दिली, की समोरून बघणाऱ्याला तर नाहीच, खुद्द रैंनाही काही वेगळं वाटलं नाही.

मग धुण्याचा दिवस आला. खेळ नसला की ऐतप्पा घड्या सोडवून नदीवर धुवायला नेई. डाव्या घड्यांना लाल दोरा, उजव्यांना काळा. सात घड्या घामानं खारट झालेल्या होत्या. लाल दोऱ्याच्या उरलेल्या तीन उलगडल्या, तर त्यांना डांबरगोळीचा वास आला. पेटीतून निघून पेटीतच परत गेलेल्या. त्या हातात धरून तो धुण्याच्या दगडावर बसला. सेहेचाळीस वर्षांत त्यानं वाळलेली माणसं सुटताना बघितली होती आणि सुटलेली वाळताना. पण माणूस सुटला की सगळीकडून सुटतो. रैंच्या गुडघ्यावरची पट्टी जुन्याच गाठीवर बसत होती, जांघेजवळची जुन्याच गाठीवर. वाढलं होतं ते फक्त मध्ये, आणि तेही बाहेरच्या अंगाला.

त्यानं धुणं तसंच भिजत टाकलं.

रै घरामागच्या काजूच्या झाडाखाली बांगड्याचं जेवण पचवत पडले होते. ऐतप्पानं न विचारता त्यांचं धोतर सरकवलं आणि मांडीत बोटं रुतवली. वरचं मांस हलत होतं. त्याच्याखाली, खोल, आंब्याच्या कोयीहून मोठं काहीतरी होतं, आणि ते हलत नव्हतं.

"दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही म्हटलं ना. दुखत नाही, खुपत नाही. गुदगुल्या मात्र होतायत, हात काढ."

"दुखत नाही हेच मला आवडलेलं नाही, रै."

"जगात दुखण्याबद्दल रडणारी माणसं बघितली. न दुखण्याबद्दल रडणारा तू पहिलाच."

तरी कमलक्कानं त्यांना गावातल्या डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर वीस माणसं तापानं कण्हत बसलेली. त्यांनी गाठ दाबली आणि म्हणाले, "चरबीची दिसते. शनिवारी या, अर्ध्या तासात काढून टाकतो." चरबीच्या गाठी खरोखरच शेकडो असतात आणि खरोखरच अर्ध्या तासात निघतात, त्यामुळं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. रै तर हरखले. शनिवारी कापायचं, सोमवारी खेळ, मध्ये एक रविवार कोंबडीच्या रश्श्याला मोकळा.

वावगं वाटलं ते ऐतप्पाला. त्याला वैद्यकी येत नव्हती, शिवण येत होतं. आत काय आहे ते न बघता शिवलेल्या वस्तूला कात्री लावायची नाही, आधी उलटी करून बघायची, हा त्याचा नियम होता. मुडबिद्रीच्या मुलीला त्यानं फोन केला. ती प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं विचारलं, "लिंबापेक्षा मोठी आहे?" मोठी. "खोल आहे?" खोल. "वाढतेय?" तीन घड्यांनी. "अप्पा, कुणालाही हात लावू देऊ नका. मंगळूरला न्या. तिथं या कामाच्या बाई आहेत."

रै म्हणाले, "मंगळूरला पत्तनाजेनंतर."

पत्तनाजे मेच्या अखेरीला येतं. त्या दिवशी मेळ्याचा शेवटचा खेळ होतो आणि देवापुढं घुंगरं सोडतात. नोव्हेंबरात पायांत बांधलेली घुंगरं त्याआधी देवापुढं सोडायची नाहीत, म्हणजे हंगाम अर्ध्यावर टाकायचा नाही, ही इकडची रीत. ताप येवो, दात पडो, मुलीचं लग्न असो. रैंनी ती पंचवीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. "तोवर हे डॉक्टर शनिवारी वरच्यावर काढून देतात. घुंगरं पायातच राहतील, मी विचारलंय त्यांना."

"शनिवारी नाही. मंगळूर, आणि याच आठवड्यात."

"नाहीतर काय करशील?"

"नाहीतर मी तुम्हाला बांधणार नाही."

रै पोट धरून हसले. संध्याकाळी रंगपटात पाय पुढं करून बसले, तर ऐतप्पा पेटीवर पाठ करून सुपारी कातरत होता. ते ओरडले, मग गोड बोलले, मग त्याच्या मेलेल्या आईची शपथ घातली. ऐतप्पा म्हणाला, "आई माझ्याच बाजूनं बोलली असती. ती तर तुम्हाला नुसती बांधूनच घेऊन गेली असती." शेवटी दोन पोरगेल्या नटांनी मिळून रैंना बांधलं. राक्षस गर्जना करत बाहेर आला, पहिली गिरकी बरी झाली. दुसऱ्या गिरकीला उजवी मांडी गुडघ्यावर उतरली. तिसरीला ती पोटरी झाली. झालरीखालून काळ्या दोऱ्याचं लुगडं लोंबत सरपटायला लागलं आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "हा राक्षस बाळंत होतोय की काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं रै मंगळूरला निघाले. ऐतप्पा शेजारच्या बाकावर होता. बंटवाळपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत. बंटवाळला म्हणाले, "पोटरी झाली ना रे."

"बघवत नव्हतं," ऐतप्पा म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होतं.

डॉक्टर आयरीन लोबो पन्नाशीच्या, बुटक्या आणि घाईत असलेल्या बाई होत्या. त्यांनी आधी मशिनीतून चित्रं काढवली, मग ठरवलेल्या एकाच जागी जाड सुई घालून आतला तुकडा घेतला आणि तिथं शाईची खूण केली. पुढं कापताना सुईची ही वाटही काढून टाकायची असते, म्हणाल्या. दहा दिवसांनी तिघांना समोर बसवलं. रै, कमलक्का आणि ऐतप्पा.

"हा कॅन्सर आहे," त्यांनी सरळ सांगितलं. "हाडाचा नाही, रक्ताचा नाही. मांसातला. सार्कोमा म्हणतात. फार थोड्यांना होतो."

रैंची छाती नकळत थोडी पुढं आली. "फार थोड्यांना?"

"अहो, बक्षीस नाही लागलं," कमलक्का म्हणाली. तिचा आवाज मात्र नेहमीच्या जागेवर नव्हता.

"वाचेन का?" रैंनी विचारलं. तेही साध्या आवाजात. ऐतप्पानं तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. ढोल बाजूला ठेवल्यावर आत इतका लहान माणूस असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

बाईंनी कागद उलटा करून त्यावर मांडी काढली. "गाठ नऊ सेंटिमीटर आहे, आणि खोल आहे. पाचच्या आत आणि कातडीलगत असती तर मी आज जास्त हसले असते. या दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा स्वभाव बघतात. तुमची मधल्या स्वभावाची आहे, अगदी तापट नाही आणि गरीबही नाही. हा आजार बाहेर पडला की सहसा आधी फुप्फुसात जातो. तुमची फुप्फुसं स्वच्छ आहेत. ही सगळ्यांत मोठी गोष्ट. आणि आणखी एक. कुणी हिला छेडलेलं नाही. निम्मे लोक माझ्याकडं येतात ते कुठंतरी चरबी समजून उकरून झाल्यावर. मग ती कुठवर पसरली ते मलाही नीट कळत नाही, दुप्पट कापावं लागतं. तुम्हाला कुणी थांबवलं?"

रैंनी अंगठ्यानं शेजारी दाखवलं. ऐतप्पा खुर्चीत खाली सरकला.

"मी नाही थांबवलं, बाई. मीच झाकलं," तो म्हणाला. दहा दिवस पोटात ठेवलेलं ते बाहेर पडलं. नोव्हेंबरात पाच, डिसेंबरात चार, संक्रांतीला तीन, फेब्रुवारीत दोन. "दर वेळी एक घडी काढली आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या म्हणून खूश झालो. मी गबाळा असतो तर डिसेंबरातच कुणीतरी म्हणालं असतं, रैंची मांडी अशी काय."

बाईंनी पेन उचललं. "पुन्हा सांगा. एक घडी म्हणजे किती जाड?"

ऐतप्पानं बोटांत माप दाखवलं. त्यांनी पट्टी लावली आणि महिन्यांसकट सगळं केसपेपरवर लिहून घेतलं. "लोक येऊन सांगतात, डॉक्टर, बरेच दिवस झाले, जरा वाढलीय. गाठीच्या वाढीचा असा हिशेब मला वीस वर्षांत कुणी दिला नाही." मग चष्म्यावरून त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "डिसेंबरात कळलं असतं तर बरं झालं असतं, हे खरं आहे. ते मी पुसणार नाही. पण पत्तनाजेपर्यंत कळलंच नसतं तर मी बहुतेक पाय वाचवण्याबद्दल बोलतच नसते. हेही खरं आहे."

पत्तनाजे हा शब्द बाईंच्या तोंडून ऐकून रैंना धीर आला. "तेच विचारायचं होतं. पत्तनाजेनंतर लगेच येतो. अडीचच महिने."

"आधी पाच आठवडे किरणं. मग महिनाभर कातडी शांत व्हायला. मग शस्त्रक्रिया. सोमवारी सुरू."

"पण घुंगरं..."

कमलक्का इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते सोडून ती म्हणाली, "घरात सुतक आलं तर कलावंत दहा दिवस घरी बसतो ना? घुंगरं सोडतो ना?"

"सुतकाची गोष्ट वेगळी."

"मग आत्ताच सोडा. नाहीतर पुढच्या वर्षी ते सुतक मला येणार, आणि तेव्हा तुमच्या पायांतली घुंगरं मलाच सोडवावी लागतील. तुमच्या गाठी किती घट्ट असतात ते मला माहीत आहे."

बाईंनी शांतपणे कागदावर सोमवार लिहिला. रैंनी तो वाचला आणि परत फिरवला नाही.

रविवारी सकाळी देवळात घुंगरं ठेवताना रैंना त्यांची गाठ सुटेना. ती ऐतप्पानं सोडली. पुजाऱ्यांनी फूल दिलं आणि एवढंच विचारलं, मंगळूरला गंजी-पेज बरी मिळते ना.

किरणांच्या खोलीबाहेर पंचवीस दिवस दहा-बारा माणसं रोज तीच, त्याच क्रमानं बसत. चौथ्या दिवशी रैंनी त्यांना राक्षसाची गर्जना ऐकवली. पाचव्या दिवशी सिस्टरनं त्यांना ताकीद दिली, कारण आतल्या मशिनीवरची मुलगी दचकली होती. सहाव्या दिवशी तीच सिस्टर म्हणाली की तिचा मुलगा आला आहे, एकदा हळू आवाजात कराल का. हळू आवाजातला राक्षस ऐतप्पानं तेव्हा पहिल्यांदा बघितला. तो त्याला मोठ्या आवाजातल्यापेक्षा जास्त आवडला, पण रैंना सांगून त्यांचं डोकं कशाला चढवा.

शस्त्रक्रिया मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली, साडेपाच तास. तोवर पत्तनाजे होऊन मेळाही घरी बसला होता, त्यामुळं चाळीसच्या चाळीस माणसं वॉर्डात आली, गाणारे भागवत आणि मद्दळे वाजवणारा यांच्यासकट. पहारेकऱ्यानं सांगितलं, एका वेळी दोघं. मग दोन-दोनची जोडी करून ती संध्याकाळपर्यंत आत जात-येत राहिली. शस्त्रक्रिया संपताच बाई बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, पाय आहे. मोठी नस वाचली. बाहेरच्या अंगाचं बरंच मांस गेलं. गाठ आम्ही उघडी पडू दिली नाही, भोवतीच्या निरोगी मांसाच्या वेष्टनासकट काढली.

"शिवणीला कडेनं जादा कापड, माया, सोडतात तशी," ऐतप्पा म्हणाला.

"अगदी तशी. आता ती माया पुरली की नाही ते बघायचं. काढलेल्या गोळ्याला बाहेरून रंग लावतात, मग काप करून बघतात, गाठ रंगाला कुठं टेकलीय का. टेकली नसेल तर ती तिथंच परत उगवण्याची भीती बरीच कमी."

"रंग लावतात?" ऐतप्पानं विचारलं. "कुठला?"

"काळा, निळा. बाजू ओळखू यावी म्हणून वेगवेगळे."

हे ऐकून ऐतप्पाला का कोण जाणे बरं वाटलं. कुठल्यातरी बंद खोलीत कुणी अनोळखी माणूस रैंच्या मांडीचा एक तुकडा काळजीपूर्वक रंगवतोय, चारी बाजूंनी, आणि मग डोळा मिटून बघतोय. तो माणूस गबाळा नसावा, एवढंच त्यानं मागितलं. वॉर्डाबाहेरच्या गणपतीकडं, आणि जवळच होता म्हणून येशूकडंही.

अहवालाला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत कमलक्का कुणाशी भांडली नाही, आणि त्यामुळं सगळेच घाबरून होते. गुरुवारी बाई कागद घेऊन आल्या तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, रै खाटेवर टेकून बसले होते आणि बाजूला चालायचा लोखंडी घोडा उभा होता. त्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता. अहवाल आल्यावर बघू, म्हणत होते. चालायला शिकायचं की नाही हे कागदावरच ठरायचं असल्यासारखं.

बाई उभ्यानंच वाचून म्हणाल्या, "कडा स्वच्छ आहेत. सगळीकडून. गाठीतला बराचसा भाग किरणांनी मेलेलाही आहे."

कमलक्कानं भिंतीला हात लावला. ऐतप्पानं विचारलं, "सगळ्यांत जवळ कुठं आलीय?"

"आतल्या बाजूला. नसेजवळ. चार मिलिमीटर."

"म्हणजे किती?"

बाईंनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. ऐतप्पानं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "एवढीच? बाई, मी झंपराला याच्या तिप्पट माया ठेवतो."

"झंपरात मोठी नस नसते, ऐतप्पा. आणि मध्ये एक चिवट पडदा आहे, तो फाटलेला नाही. चार मिलिमीटर आणि तो पडदा मला पुरतो."

"पडदा केवढा जाड?"

"पातळच असतो."

"मग?"

"मग काय? आता दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो. दोन-तीन वर्षं. मग सहा महिन्यांनी. मी हमी देत नाही, कुणी दिली तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण नोव्हेंबरपासून जे जे बिघडू शकत होतं, त्यातलं बरंचसं बिघडलेलं नाही. आणि उकिडवं बसणं आता विसरा, हे त्यांना सांगायचंय. गिरक्यांचं..."

बाई खाटेकडं वळल्या. खाट रिकामी होती.

रै खिडकीपाशी उभे होते. घोडा वाटेतच सोडलेला होता, तोही तिरका, एक पाय हवेत. खाटेपासून खिडकीपर्यंत सहा पावलं होती आणि ती त्यांनी चार मिलिमीटरांच्या भांडणात कुणाचं लक्ष नाही असं बघून टाकली होती. कमलक्का काहीतरी बोलायला गेली, पण तिच्या तोंडून शब्दाऐवजी हुंदकाच आला. गेल्या तीन महिन्यांतला पहिला.

"रडतेस काय," रै खिडकीच्या गजाला नाक लावून म्हणाले. "खाली कँटीनमध्ये काय तळतायत ते बघ आधी. मला बांगड्याचा वास येतोय. ऐतण्णा, तुझं नाक बरं आहे, सांग, बांगडाच ना?"

ऐतप्पा त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला होता. हात कमरेपासून बोटभर अंतरावर, पण लावलेले नाहीत. त्यानं वास घेतला.

"तारली आहे," तो म्हणाला. "सरळ उभे राहा. डावीकडं कलताय."